जुन्या डावाचें नवें मैदान

प्रस्तुत भाषणाचा विषय एका म्हाताऱ्या झालेल्या यंत्रखेळाचा जीर्णोद्धार हा आहे. हा खेळ द्वंद्वाचा. मूळचा तो बाजारांतील पेटीचा; नाणें टाकावें, दांडा धरावा आणि उभ्यानें खेळावा असा. पुढें तो घरांतील टीव्हीच्या पडद्यावर आला, आणि मूळ पेट्या मोडकळीस आल्यावर त्यास नवीं चित्रें, नवी चौकट व दूरचे प्रतिस्पर्धी देऊन पुन्हां उभा करण्यांत आला. श्रोत्यांस हा विषय पोरखेळाचा वाटण्याचा संभव आहे. परंतु जुनी वस्तु नव्या जागीं नेतांना तिच्यांतील काय न्यावें आणि काय टाकावें, या ज्या प्रश्नानें या खेळाच्या कारागिरांस पुष्कळ वर्षें छळलें, तो प्रश्न पोरकट म्हणतां येणार नाहीं.

द्वंद्वाची जागा बदलली कीं द्वंद्वहि बदलतें, हें मेढ्याच्या माणसास निराळें शिकवावें लागत नाहीं. मेढा हें सातारा जिल्ह्यांतील जावळी तालुक्याचें मुख्य ठिकाण. वेण्णा नदीच्या कांठीं वसलेलें. याच जावळीच्या मुलखांत १६५९ सालीं अफझलखान आपलें सैन्य घेऊन आला. वाईच्या मोकळ्या रानांत जें सैन्य आवरतां आलें नसतें, तें प्रतापगडाच्या पायथ्याच्या झाडींत पार कोंडलें गेलें. माणसें तींच, शस्त्रें तींच, मैदान तेवढें दुसरें.

कुस्तीचेंहि तसेंच आहे. साताऱ्याकडील गांवोगांवच्या जत्रांत हलगी वाजूं लागली म्हणजे लहान पोरांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांपासून आरंभ होतो आणि दिवस मावळतांना मोठी जोड सुटते. त्या आखाड्यांतील माती म्हणजे शेतांतून उचलून आणलेली माती नव्हे. ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळलेली असते. पैलवानाचा पाय तींत किती रुततो आणि अंग हातांतून किती निसटतें, यावर डावांची सारी मांडणी अवलंबून असते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हां त्यांना मातीऐवजीं गादीवर, आणि अपरिचित अशा गुणांच्या हिशेबानें, लढावें लागलें. ते सहावे आले. चार वर्षांनीं, १९५२ सालीं, हेलसिंकीस तशाच गादीवर त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. मातींतला डाव गादीवर जसाच्या तसा बसत नाहीं. तो बसवावा लागतो, आणि त्यास वेळ लागतो. आजहि महाराष्ट्र केसरीची स्पर्धा माती आणि गादी अशा दोन्ही विभागांत होते. २०२२ सालीं ती साताऱ्यासच भरली होती.

आतां त्या यंत्रखेळाकडे वळावयास हरकत नाहीं.

१९९१ सालीं जपानांतील ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीनें 'स्ट्रीट फायटर टू' नांवाचा खेळ बाजारांत आणला. पुरुषभर उंचीची पेटी, तींत पडदा, आणि पडद्याखालच्या फळीवर दोघां खेळाडूंकरितां दोन दांडे व प्रत्येकास सहा बटणें. तीन बटणें ठोशांचीं, तीन लाथांचीं; हलका, मध्यम आणि जोरदार असे त्यांचे प्रकार. दांडा आठ दिशांस फिरे. दांडा खालून पुढें अर्धवट फिरवून नेमक्या क्षणीं बटण दाबलें, तर पडद्यावरील लढवय्या हातांतून तेजाचा गोळा फेंकी. निवडावयास लढवय्ये आठ होते, आणि ते देशोदेशींचे होते. त्यांत एक भारतीयहि होता. धालसीम त्याचें नांव. गळ्यांत कवट्यांची माळ, हातपाय वाटेल तितके लांब होणारे, आणि तोंडांतून आगीचे लोळ! त्याच्या मागच्या देखाव्यांत दोन्ही बाजूंस हत्ती उभे राहून सोंडा उंचावीत. जपानी चित्रकारांनीं कल्पिलेला हा योगी पाहून एखाद्या योगशिक्षकाच्या कपाळास आठ्या पडल्या असत्या. परंतु परक्याच्या नजरेनें काढलेलें आपलें चित्र नेहमीं असेंच कांहीं असतें, आणि त्यांत मत्सरापेक्षां कौतुकच अधिक होतें.

या खेळाचें मुख्य वैभव त्याच्या कर्त्यांना चुकून सांपडलें, ही एक ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. खेळाच्या मध्यें मोटार फोडण्याचा एक जोडखेळ आहे. त्यांतील दोष तपासतांना निर्माते नोरितका फुनामिझु यांना आढळलें कीं, एक ठोसा पुरता संपण्यापूर्वींच दुसऱ्याची आज्ञा दिली, तर दोन्ही प्रहार एकमेकांस जोडले जातात आणि समोरच्यास मध्यें सांवरावयास फुरसत मिळत नाहीं. हा दोष काढून टाकतां आला असता. इतका सूक्ष्म क्षण साधणें कोणास जमणार, अशा समजुतीनें तो राहूं दिला. पोरांनीं तो कांहीं महिन्यांत साधला! कुस्तींत एका डावांतून दुसरा डाव काढणें ही जशी वस्तादाची खूण, तशी प्रहारांची ही माळ ओवणें ही या खेळांत जाणत्याची खूण ठरली. आणि पुढें निघालेल्या अशा प्रकारच्या बहुतेक सर्व खेळांनीं तीच रीति उचलली.

या सर्वांत जें महत्त्वाचें आहे तें म्हणजे काळाचें माप. पडद्यावरील चित्र एका सेकंदांत सुमारें ६० वेळां बदलतें. जाणता खेळाडू या साठाव्या भागांच्या हिशेबानें खेळतो. कोणता ठोसा किती भागांत सुरू होतो, किती भाग टिकतो, आणि चुकल्यास किती भाग आपण उघडे पडतों, हें त्यास पाठ असतें. पोथी वाचणाऱ्यास जसा एकेक मात्रा माहीत असतो, तशीच ही विद्या आहे. तींत दोन-तीन भागांचा घोळ झाला कीं वृत्त मोडतें.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेजारीं उभा असलेला माणूस. १९९०च्या दशकांत मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांतून व्हिडीओ गेमचीं पार्लरें निघालीं, तेव्हां रुपयाचें नाणें किंवा दुकानदाराकडील टोकन टाकून हे खेळ खेळले जात. त्याच कंपनीचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा १९९३ सालचा खेळ तर त्यांतील एका पात्राच्या नांवावरून 'मुस्तफा' म्हणून सर्वतोमुखीं झाला. मूळ नांव सांगितलें तर कोणासच ओळखू येणार नाहीं. परंतु 'मुस्तफा'मध्यें दोघे मिळून यंत्राशीं लढत. 'स्ट्रीट फायटर'मध्यें दोघे परस्परांशीं लढत, आणि नियम सर्वत्र एकच: जिंकेल तो राहील, हरेल तो पुन्हां नाणें टाकील. पेटीच्या मालकास प्रत्येक दोन-तीन मिनिटांस एक नाणें मिळालें पाहिजे, या व्यापारी गरजेंतून लढतीची लांबी ठरली होती. पण त्या गरजेनें पोरांना एक आखाडा दिला. मागें उभीं असलेलीं आठ-दहा मुलें पाहत, शिकत, सल्ले देत, आणि हरणाऱ्याची यथेच्छ टवाळी करीत. आईबापांना तें ठिकाण आवडत नसे. शाळा बुडवून मुलें तेथें जात, हें खोटें नव्हतें. परंतु अनोळखी मुलाशीं खांद्यास खांदा लावून हरावें कसें, हें तेथें शिकावयास मिळे.

जावळी तालुक्यांतील कित्येक कुटुंबांचा एक पाय मुंबईंत असतो. धान्याच्या आणि मसाल्याच्या बाजारांत माथाडीचें काम करणारे पुष्कळ लोक या डोंगरांतून गेलेले आहेत. बाप मुंबईस, आजी गांवीं, आणि मुलगा शाळेच्या सुट्यांप्रमाणें इकडून तिकडे, अशी तेथील रीत. अशा मुलास एका ठिकाणीं पेटी दिसे आणि दुसऱ्या ठिकाणीं जत्रेंतला आखाडा. दोन्हींतलें साम्य त्यास कोणी सांगावें लागत नसे.

खेळ घरांत आला तो १९९२ सालीं. सुपर निन्टेन्डो नांवाच्या घरगुती यंत्राकरितां निघालेल्या आवृत्तीची सांठवणशक्ति १६ मेगाबिट, म्हणजे आजच्या हिशेबानें २ मेगाबाइट होती. हल्लींच्या मोबाइल फोनवर काढलेलें एक छायाचित्रहि याहून अधिक जागा खातें. तेवढ्यांत आठ लढवय्ये, त्यांचे देश, त्यांचीं गाणीं आणि त्यांचे सारे प्रहार बसविले. कांहीं देखावे आटोपते घेतले, आवाज किंचित् बसका झाला. तथापि काळाचें माप बहुतेक संभाळलें, आणि सुदैवानें त्या यंत्राच्या हातांत धरण्याच्या पट्टीवर मोजून सहाच कामाचीं बटणें होतीं. या एका आवृत्तीच्या ६३ लाख प्रति खपल्या. प्रतिस्पर्धी सेगा कंपनीच्या यंत्रास तीनच बटणें होतीं. तिला या खेळापायीं १९९३ सालीं सहा बटणांची नवी पट्टी काढावी लागली. एका खेळानें दुसऱ्याच्या यंत्राचा हात बदलावा, असें उदाहरण विरळाच.

भारतीय मध्यम वर्गाच्या घरीं मात्र हीं यंत्रें फारशीं पोंचलीं नाहींत. येथें पोंचल्या त्या जुन्या आठ बिटांच्या यंत्राच्या स्वस्त नकला आणि त्यांत खुपसावयाच्या पिवळ्या-काळ्या 'कॅसेटी'. त्यांवर '९९९९९९ इन वन' असें छापलेलें असे, आणि आंत तेच दहा-वीस खेळ नांवें बदलून पुन्हां पुन्हां येत! या नकली यंत्रांकरितां नकली 'स्ट्रीट फायटर'हि निघाला होता. लढवय्ये मोजकेच, आणि हातांतील 'रिमोट'वर मारण्याचीं बटणें दोन. सहा प्रहारांचे दोन झाले म्हणजे काय उरतें, याचा अनुभव त्या काळच्या मुलांनीं घेतलेला आहे. चित्र ओळखीचें, नांव ओळखीचें, पण हातास कांहींच ओळखीचें लागत नाहीं. ही गोष्ट येथें मुद्दाम सांगितली, कारण पुढें मोठमोठ्या कंपन्यांनीं केलेल्या चुका याच जातीच्या होत्या.

नकलांचा प्रश्न जपानांतल्या कर्त्यांसहि भेडसावीत होताच. १९९२ सालच्या सुधारलेल्या आवृत्तीची चोरटी नक्कल देशोदेशीं पसरली. तींत लढवय्ये हवेंतूनहि गोळे फेंकीत, एकाच्या जागीं अनेक गोळे सोडीत, आणि सारा खेळ अचाट वेगानें चाले. ती नक्कल बेताल होती, पण लोकांना वेग आवडला हें कंपनीच्या लक्षांत आलें. त्याच वर्षाच्या अखेरीस तिनें स्वतःच वेग वाढविलेली आवृत्ति काढली. चोराकडून घेतलेली ही शिकवणी होय! परंतु त्याबरोबरच कंपनीनें पुढच्या पेट्यांना कुलूप लावावयाचें ठरविलें. १९९३ सालच्या 'सुपर स्ट्रीट फायटर टू'पासून जी नवी फळी आली, तींत खेळ गुप्त लिपींत लिहिलेला असे, आणि ती लिपि उलगडण्याची किल्ली एका लहानशा बॅटरीच्या आधारानें स्मरणांत ठेवलेली असे. बॅटरी संपली कीं किल्ली नाहींशी होई आणि फळी निर्जीव होऊन पडे. ना आवाज, ना चित्र. चोरांपासून वांचविण्याकरितां घातलेलें कुलूप असें मालकाच्याच मुळावर आलें. १९९४ सालची 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो' ही आवृत्ति, जी जाणते लोक या मालिकेचा कळस मानतात, तीहि याच फळीवर होती. तिच्या पेट्या जगभर एकेक करून मरूं लागल्या. हौशी संशोधकांनीं पुष्कळ वर्षांनीं हें कुलूप उलगडलें आणि कांहीं फळ्या वांचविल्या. परंतु तोंवर कित्येक फळ्या भंगारांत गेल्या होत्या.

म्हणजे जुन्या पेटीचा खेळ घरगुती यंत्रावर नव्यानें आणणें ही चैन राहिली नव्हती. पोथीस वाळवी लागली असतां नक्कल करून घेण्यासारखें तें काम होतें. नक्कल करणारा प्रामाणिक पाहिजे, आणि त्यास अक्षर कळलें पाहिजे, इतकीच अट.

घरगुती यंत्रावरहि हा खेळ आपलें सारें पाणी दाखवूं शकतो, याविषयीं पुढें कोणास शंका राहिली नाहीं. २००४ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियामधील 'इव्हो' स्पर्धेंत याच घराण्यांतील 'थर्ड स्ट्राइक' या १९९९ सालच्या खेळाचा सामना झाला. त्या वर्षापासून या स्पर्धेनें पेट्या सोडून घरगुती यंत्रें घेतलीं होतीं. जपानचा दाइगो उमेहारा याच्या लढवय्याचा प्राण केंसाच्या टोंकाइतका उरला होता; एक विशेष प्रहार नुसता अडविला तरी तो संपणार होता. समोर अमेरिकेचा जस्टिन वाँग. त्यानें लागोपाठ १५ लाथांचा अखेरचा हल्ला सोडला. त्या प्रत्येक लाथेच्या नेमक्या क्षणीं दांडा पुढें ढकलून ती परतविली, तरच वांचण्याची आशा. दाइगोनें पंधराच्या पंधरा परतविल्या आणि उलट हल्ला करून सामना जिंकला. त्या दिवशीं अंतिम फेरींत तो हरला, ही गोष्ट आज फारशी कोणास आठवत नाहीं.

परंतु हे दोघे एकाच खोलींत शेजारीं बसलेले होते. घरोघरीं एकट्या बसलेल्या माणसाचें काय? २००६ सालीं कॅपकॉमनें वेग वाढविलेली ती १९९२ सालची आवृत्ति मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रावर आणली, आणि इंटरनेटवरून दूरच्या माणसाशीं खेळण्याची सोय केली. कल्पना उत्तम, पण परिणाम केविलवाणा झाला. भारतांतून अमेरिकेपर्यंत निरोप जाऊन परत येण्यास सेकंदाचा सुमारें पांचवा भाग लागतो. म्हणजे या खेळाच्या मापानें बारा भाग. जवळच्या शहरांतहि दोन-चार भाग जातात. त्या वेळची पद्धति अशी होती कीं, दोन्ही यंत्रांनीं एकमेकांच्या निरोपाची वाट पाहावी आणि मगच पुढचें चित्र दाखवावें. ज्यांना जुने ट्रंक कॉल आठवतात, त्यांना ही स्थिति समजावून सांगावी लागणार नाहीं. आपण बोलावें, थांबावें, दोघांनीं एकदम बोलावें, पुन्हां दोघांनीं थांबावें. गप्पा तशाहि होतात, द्वंद्व होत नाहीं.

ही दुर्दशा पाहून टोनी कॅनन नांवाच्या गृहस्थानें, जो 'इव्हो' स्पर्धेच्या संस्थापकांपैकीं एक आहे, 'जीजीपीओ' नांवाची नवी योजना रचली. तिचें तत्त्व भजनांत पखवाज धरणाऱ्यास सहज पटेल. गवई पुढें काय म्हणणार हें कळेपर्यंत पखवाजी हात थांबवून बसत नाहीं. तो आतांच्या चालीवरून अंदाज बांधतो आणि वाजवीत राहतो; गवयानें अकस्मात् वळण घेतलें तर एक-दोन मात्रांत सांवरून समेवर येतो. त्याचप्रमाणें हें यंत्र, समोरच्यानें दांडा जसा धरला होता तसाच तो धरून ठेवील, असें गृहीत धरून चित्र पुढें नेतें. निरोप आला आणि अंदाज चुकला असें दिसलें, कीं क्षणार्धांत तीन-चार चित्रें मागें जाऊन, खरी चाल घालून, पुन्हां वर्तमानांत येतें. माणूस सेकंदांत साठ वेळां मन बदलीत नसल्यामुळें अंदाज बहुधा बरोबर ठरतो. आपल्या हातास मात्र आपलें बटण तत्काळ उत्तर देतें, आणि वृत्त मोडत नाहीं. या विषयाच्या साऱ्या इतिहासांत इतकी उपयुक्त गोष्ट दुसरी झाली नाहीं, असें म्हणावयास प्रत्यवाय नसावा. आणि ती एका हौशी खेळाडूच्या वैतागांतून निघाली.

या पार्श्वभूमीवर २००८ सालच्या नोव्हेंबरांत १९९४ सालच्या त्या कळसाचा जीर्णोद्धार प्रसिद्ध झाला. 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो एचडी रीमिक्स' असें त्याचें लांबलचक नांव. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या दोन यंत्रांकरितां तो बॅकबोन या अमेरिकन संस्थेनें केला. चित्रें कॅनडांतील 'उडॉन' या चित्रकारमंडळानें पुन्हां काढलीं, आणि नियमांची डागडुजी डेव्हिड सर्लिन याच्याकडे सोंपविली. सर्लिन स्वतः स्पर्धांतून खेळलेला होता, ही निवड योग्यच झाली. त्यानें दुबळ्या लढवय्यांस थोडें बळ दिलें, अतिबलाढ्यांस थोडी वेसण घातली, आणि बोटें मोडणाऱ्या कांहीं हालचाली सोप्या केल्या. यास कित्येक जुन्या खेळाडूंनीं नाकें मुरडलीं. घासून मिळविलेली विद्या नवख्यास फुकट कां द्यावी, हा त्यांचा रोष होता. तो सर्वस्वीं अयोग्य म्हणतां येत नाहीं. परंतु ज्यास बोटांच्या कसरतींतच अडकून पडावें लागतें, तो डावपेचांपर्यंत पोंचतच नाहीं, हें सर्लिनचें म्हणणें अधिक सयुक्तिक दिसतें.

चित्रांविषयीं मात्र इतकें चांगलें बोलवत नाहीं. एकेक चित्र पाहिलें तर सुबक आहे, रेषा स्वच्छ आहे. परंतु हालचालींच्या मुद्रा मुळांत जितक्या होत्या तितक्याच ठेवल्या. आणि तें भागच होतें, कारण मुद्रा वाढविल्या असत्या तर काळाचें माप बिघडलें असतें. जुन्या लहानशा, खरबरीत चित्रांत मधल्या रिकाम्या जागा डोळा आपोआप भरून काढी. नव्या स्वच्छ चित्रांत त्या उघड्या पडल्या. लढवय्या सोंगटीसारखा एका मुद्रेंतून दुसऱ्या मुद्रेंत उडी मारतो असें वाटूं लागलें. जुन्या भिंतीस गुळगुळीत रंग दिल्यावर तिचे पोंचे अधिक दिसूं लागावे, तसें झालें. चित्रकारांचा यांत दोष नाहीं. तें कामच तसें होतें.

जीर्णोद्धाराची खरी पुण्याई अन्यत्र होती. कर्त्यांनीं नवे नियम लादले नाहींत. त्याच खेळांत, शेजारींच, १९९४ सालचे जुने नियमहि जसेच्या तसे ठेवले, आणि दूरच्या प्रतिस्पर्ध्याशीं खेळण्याकरितां अंदाजानें पुढें जाणारी नवी पद्धति घातली. ज्यास माती हवी त्यानें मातींत उतरावें, ज्यास गादी हवी त्यानें गादीवर. २००९ व २०१० सालीं 'इव्हो' स्पर्धेंत या आवृत्तीचे सामने झाले. तरीहि जपानांतील जाणत्यांनीं मूळ पेटी सोडली नाहीं. त्यांच्या गांवांत ती अद्याप चालू होती, शेजारीं माणूस होता. त्यांना नक्कल कशाला पाहिजे होती?

२०११ सालीं 'थर्ड स्ट्राइक'चाहि असाच उद्धार झाला, आणि त्यांत कॅननची योजना तिच्या नांवानिशीं वापरली. २०१७ सालीं निन्टेन्डोच्या स्विच यंत्राकरितां पुन्हां एकदां हीच जुनी मूर्ति, जुनीं व नवीं अशीं दोन्ही चित्रें देऊन, बाहेर काढली. तींत भर घातलेल्या गोष्टींविषयीं न बोललेलेंच बरें. २०१८ सालच्या संग्रहांत या घराण्यांतील बारा जुने खेळ, मूळच्या रेखाटनांसह, एकत्र बांधून दिले. परंतु त्यांतील चारच खेळ दूरच्या माणसाशीं खेळतां येत होते. उरलेले आठ वस्तुसंग्रहालयांतील तलवारींप्रमाणें कांचेंतून पाहावयाचे, किंवा घरांतल्या माणसाबरोबर खेळावयाचे.

आणि २००८ सालचा तो जीर्णोद्धार? तो तबकडीऐवजीं तारेवरून, कंपनीच्या दुकानांतून उतरवून घेण्याकरितां निघाला होता. २०२४ सालच्या जुलै महिन्यांत मायक्रोसॉफ्टनें एक्सबॉक्स ३६० या यंत्रावरील आपलें दुकान बंद केलें. त्या यंत्रावर तो आतां नव्यानें विकत घेतां येत नाहीं. ज्यांनीं पूर्वीं उतरवून घेतला, त्यांच्या यंत्रांत तो आहे; जोंवर यंत्र आहे तोंवर. १९९३ सालच्या फळीस बॅटरी होती, २००८ सालच्या आवृत्तीस दुकान होतें. दोहोंची मुदत दुसऱ्याच्या हातीं. म्हाताऱ्या पेटीकरितां जें औषध काढलें, तें पंधरा-सोळा वर्षांत स्वतः म्हातारें झालें. नक्कलेची नक्कल करावयास आतां कोणी तरी पुन्हां बसलें पाहिजे, आणि त्यासहि अक्षर कळलें पाहिजे.

२०२३ सालीं चीनमधील हांगचौ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत याच घराण्यांतील एका नव्या खेळास पदकाचा मान मिळाला, आणि सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यानें जिंकलें. त्याचें वय तेव्हां ४४ वर्षांचें होतें. म्हणजे 'स्ट्रीट फायटर टू'ची पेटी प्रथम दुकानांत आली, तेव्हां तो बारा वर्षांच्या आंतबाहेरचा मुलगा असला पाहिजे. भारताचे खेळाडूहि त्या स्पर्धेंत उतरले होते.

मुंबईच्या गल्लींत रुपयाचीं नाणीं टाकणारीं ती जावळीकडची मुलेंहि आज त्याच वयाचीं आहेत. कोणी कोपरखैरण्यास घर केलें, कोणी आईवडिलांकरितां मेढ्यास परत आला. मुंबई ते मेढा निरोप जाण्यास या खेळाच्या मापानें फार तर दोन-तीन भाग लागतात. कॅननच्या योजनेस तेवढें अंतर कांहींच नव्हे. रात्रीं जेवणें आटोपल्यावर अशा दोघां भावांनीं आपापल्या घरीं पट्टी हातांत घेऊन बसावें, एकानें धालसीम घ्यावा, दुसऱ्यानें तेजाचे गोळे फेंकावे, हें आतां यंत्राच्या दृष्टीनें अगदीं सुलभ आहे. फक्त श्रावणांत, डोंगरावर पाऊस उतरला आणि मेढ्याची वीज गेली, कीं कोपरखैरण्याच्या पडद्यावर धालसीम एकटाच उभा राहतो. आणि मग फोन करून विचारावें लागतें, पाऊस किती आहे, आणि आई झोंपली का.